वहीतले पासवर्ड : वेबसाइट आणि ॲप बनवणाऱ्या आपल्या मुलामुलींना खुले पत्र

प्रति,
पुणे, मुंबई, बंगळूर, हैदराबाद इथे वेबसाइट आणि ॲप बनवण्याचं काम करणारी सांगली जिल्ह्यातली मुलंमुली,

सप्रेम नमस्कार.

मी पलूस तालुक्यात, कृष्णेकाठच्या एका गावात सेवा केंद्र चालवते. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, बोटाचं मशीन, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि बाहेर बाकडं. दाखले, सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्ती, लाइटबिल, गॅसचं बुकिंग, कॉलेजचे प्रवेश, भरतीचे अर्ज, सगळं इथनं होतं. बारा वर्षं झाली. तुमच्यातल्या काहींचे बारावीनंतरचे अर्ज मीच भरलेत. तेव्हा तुम्ही त्या बाकड्यावर बसला होता आणि तुमचे वडील दर पाच मिनिटांनी आत डोकावून विचारत होते, "ताई, तारीख गेली न्हाई नव्हं?" नंतर तुम्ही शिकलात, कामाला लागलात, आणि आता तुम्ही बनवलेल्या साइट माझ्या स्क्रीनवर उघडतात. त्या उघडल्यावर पुढं काय होतं ते तुमच्यापर्यंत पोचत नसावं, म्हणून लिहिते.

मागच्या महिन्यातली गोष्ट. सकाळी दहाच्या एसटीनं शेजारच्या वस्तीवरच्या एक आज्जी आल्या. एका योजनेची ई-केवायसी, म्हणजे आधारवरनं ओळख पटवणं, करायची होती. बोट मशीनवर ठेवलं, लागलं नाही. दुसरं ठेवलं, तेही नाही. ओल्या कापडानं बोटं पुसली, पुन्हा ठेवली. आयुष्यभर उसात भांगलण केलेल्या आणि हळद वेचलेल्या हाताच्या रेषा मशीनला दिसत नाहीत, हे मला आता नवीन नाही. मग ओटीपीचा रस्ता उरला. आज्जींनी पदराची गाठ सोडून चिठ्ठी काढली. आधारला जोडलेला नंबर मुलाचा, आणि मुलगा चाकणला कंपनीत. कंपनीत फोन आत नेऊ देत नाहीत, गेटवर लॉकरमध्ये ठेवून जावं लागतं. जेवणाची सुट्टी अकराला, ती अर्ध्या तासाची. त्या अर्ध्या तासात तो जेवण सोडून गेटवर पळत आला, फोन काढला, मला लावला. मी बटण दाबलं. साइट फिरत राहिली. ओटीपी यायला सहा मिनिटं लागली. त्यानं वाचून दाखवला, मी टाकला, आणि स्क्रीनवर आलं : "आपले सत्र समाप्त झाले आहे." दुसऱ्यांदा करेपर्यंत त्याची सुट्टी संपली.

आज्जींनी बाकड्यावरच भाकरी खाल्ली आणि बसून राहिल्या. साडेतीनला पाळी सुटल्यावर मुलाचा फोन आला. चार वाजून दहा मिनिटांनी काम झालं. दिवसभर आज्जी माझ्यासमोर, हातभर अंतरावर बसलेल्या होत्या, मी त्यांना तीस वर्षं ओळखते. साइटच्या लेखी मात्र त्या चाकणला गेटवरच्या लॉकरमध्ये होत्या.

हे एवढंच मला तुम्हाला सांगायचं आहे, आणि ते नीट सांगायला पत्र लांबेल. तुम्ही साइट बनवताना धरून चालता की एका माणसाकडं एक फोन आहे, तो फोन त्याच्याच खिशात आहे, आणि तो स्वतःच्या हातानं स्वतःचं काम करतो आहे. आमच्याकडं असं घर शोधावं लागतं. इथं घरात चांगला फोन एक. तो सकाळी ज्याच्याबरोबर बाहेर जातो त्याच्याबरोबर घरातल्या पाच जणांची ओळख बाहेर जाते.

तुम्ही केलेल्या कामानं काही बदललं नाही, असं कुणी म्हटलं तर मी भांडेन. सातबाऱ्याचं घ्या. पूर्वी उताऱ्यासाठी सज्जावर खेटे घालायचे. तलाठी आज आहेत, उद्या तहसीलला मीटिंग, परवा दुसऱ्या गावाचा वार. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळायला लागला, उताऱ्याला १५ रुपये, आणि तो बँकेत चालतो. ज्या बाईच्या नावावर जमीन आहे पण घरात कुणी तिला कागद दाखवत नाही, ती माझ्याकडं येऊन गट नंबर सांगते आणि आपलं नाव अजून तिथं आहे का ते बघून जाते. एक बाई दर दोन महिन्यांनी येते. काही बोलत नाही, नाव बघते, पंधरा रुपये आणि माझे पैसे ठेवते, निघून जाते. तो उतारा मी तिच्यासाठी काढते तेव्हा मला हे काम केल्याचं समाधान वाटतं.

आमच्या आठवडी बाजारात भाजीवाल्या मावशींच्या पाटीला क्यूआर कोड लावलेला असतो. यूपीआय सुरू झालं ११ एप्रिल २०१६ ला, आणि दहा वर्षांच्या आत ते मेथीच्या जुडीपर्यंत आलं. मावशींना वाचता येत नाही. पण शेजारी ठेवलेला छोटा स्पीकर मराठीत सांगतो, इतके रुपये मिळाले. त्या मान वर न करता पुढच्या गिऱ्हाइकाला तोलून देतात. ज्या कुणाला तो स्पीकर सुचला तो नक्की कुठल्यातरी बाजारात उभा राहिला असणार. वाचता न येणारा माणूस धंदा करतो, त्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात, त्याच्या गळ्यात चष्मा नसतो, हे टेबलावर बसून कळत नाही.

विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाईची माणसं देशभर सोन्याचांदीच्या कामाला पांगलेली आहेत. पूर्वी जत्रेला गावी आले की वर्षाचा हिशेब व्हायचा. आता कोइमतूरला बसलेला बाप पोरीच्या शाळेची फी त्याच दिवशी भरतो आणि संध्याकाळी व्हिडिओवर तिचा अभ्यास घेतो. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत कारागीर जवारी लावून, म्हणजे तारेचा आवाज घुमावा म्हणून घोडी घासून, झाली की फोनसमोर तार छेडतात आणि गिऱ्हाईक कुठल्यातरी लांबच्या गावात बसून ऐकतं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. हे सगळं मला दिसतं. ते दिसतं म्हणूनच पुढचं लिहायला मन धजावतं.

माझ्या टेबलाच्या खणात एक वही आहे. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली. तिच्यात गावातल्या अडीचशेच्या वर घरांचे लॉगिन आणि पासवर्ड आहेत. कुणाचा नंबर कुठल्या आधारला, तो फोन कुणाजवळ असतो, सुट्टी कधी असते, सुरक्षा प्रश्नाचं उत्तर काय दिलं होतं, सगळं. लोकांनीच लिहून घ्यायला लावलं. "ताई, माझ्या ध्यानात ऱ्हायचं न्हाई, तूच लिहून ठेव." कागद दिला तर तो धुण्यात जातो. पासवर्ड विसरला तर नवीन काढायला पुन्हा ओटीपी, आणि ओटीपीला पुन्हा चाकण. बँकेचा किंवा यूपीआयचा पिन मी कधीच लिहून घेतला नाही. सांगायला लागले की मी हातानं थांबवते. पण बाकी सगळं त्या वहीत आहे.

ही वही असणं चूक आहे, हे मला कळतं. रात्री कधीकधी जाग आली की तिचीच आठवण येते. मी चांगली आहे म्हणून ती सुरक्षित आहे. उद्या मी आजारी पडले, केंद्र दुसऱ्याच्या हातात गेलं, खण फोडला गेला, तर अडीचशे घरं उघडी पडतील. आणि अशी वही माझ्या एकटीजवळ नाही. गावोगावी केंद्रवाल्यांजवळ आहे, झेरॉक्सच्या दुकानात आहे, शिकलेल्या भाच्याच्या फोनमध्ये आहे. तुम्ही पासवर्डमध्ये मोठं अक्षर, लहान अक्षर, आकडा आणि चिन्ह सक्तीचं करता, तेव्हा ते सगळं शेवटी या वहीत जाऊन बसतं.

वही का लागते? कारण बहुतेक साइटवर "मी मदत करणारी आहे" असं सांगायला जागाच नाही. काही सरकारी सेवांना केंद्रचालकाचा स्वतंत्र लॉगिन आहे. तिथं अर्जदार कोण आणि अर्ज भरणारी कोण हे वेगळं नोंदलं जातं. तिथं मला कसलीच भीती वाटत नाही. पण बाकी सगळीकडं मी त्या त्या माणसाचं रूप घेऊन आत जाते. दिवसात तीस-चाळीस वेळा "मी वरील सर्व अटी वाचल्या असून त्या मला मान्य आहेत" या चौकटीत मी टिक करते. ज्यांच्या नावानं ती टिक लागते ते बाहेर बाकड्यावर असतात. त्यांनी एक ओळ वाचलेली नसते. मीही नाही, कारण मागं आठ माणसं थांबलेली असतात.

दुसऱ्याच्या हातून काम करणाऱ्या माणसासाठी रस्ता काढता येत नाही असं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये यूपीआय सर्कल नावाची सोय आली. ज्याचं खातं आहे तो घरातल्या भरवशाच्या माणसाला महिन्याला १५,००० रुपयांपर्यंत पैसे देण्याची मुभा देऊ शकतो. खातं एकाचं, हात दुसऱ्याचा, आणि पिन मालकाजवळच. कुणी काय केलं त्याची नोंद राहते, मुभा काढूनही घेता येते. पैशांसारख्या नाजूक गोष्टीत हे जमलं, तर शिष्यवृत्तीच्या अर्जात का जमू नये? आज्जींनी एकदा बोट लावून किंवा चेहरा दाखवून सांगावं की माझं एवढं काम, एवढ्या दिवसांसाठी, या ताईनं करायचं. मग मी माझ्या लॉगिननं, माझ्या नावानं, माझ्या जबाबदारीवर ते करीन. चूक केली तर मला धरा. माझी वही मी त्या दिवशी चुलीत घालीन.

आता बारीकसारीक गोष्टी सांगते. तुम्हाला त्या किरकोळ वाटतील, माझा दिवस त्यांतच जातो.

जन्मतारखेचं कॅलेंडर. साल निवडायची सोय नसते, मागं जायचा बाण असतो. १९५१ साली जन्मलेल्या माणसासाठी मी तो बाण महिन्यामहिन्यानं दाबत मागं गेले आहे. (आमच्याकडच्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांची जन्मतारीख १ जून असते. गुरुजींनी शाळेत घालताना ती लावली. खरी तारीख कुणाला माहीत नाही. एका साइटनं एकाच गावातल्या, एकाच जन्मतारखेच्या आणि एकाच आडनावाच्या दोघांना एकच माणूस ठरवलं होतं.)

नाव. आपल्याकडं स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव अशी तीन नावं. एका फॉर्ममध्ये तीन रकाने, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आडनाव आधी. सातबाऱ्यावर "आबासाहेब", आधारवर "आबासो". इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका कागदावर आय, दुसऱ्यावर वाय. बायकांचं तर माहेरचं नाव शाळेच्या दाखल्यावर आणि सासरचं रेशनकार्डावर. माणूस तोच, गाव तेच, पण साइट म्हणते नाव जुळत नाही. का जुळत नाही, कुठलं अक्षर, ते सांगत नाही. त्या एका अक्षरासाठी राजपत्र, प्रतिज्ञापत्र, नोटरी, आणि एका रोजगाराचा दिवस. महाराष्ट्रात नावं कशी असतात हे तुम्हाला सांगायला नको, तुमचीही तशीच आहेत. मग रकाने कुणासाठी आखता?

भाषा. साइटवर "मराठी" दाबलं की जे येतं ते वाचून माझ्याकडचे लोक परत इंग्रजी लावायला सांगतात, कारण इंग्रजीतले चार शब्द निदान कानावरून गेलेले असतात. "कृपया वैध निविष्टी प्रविष्ट करा." याचा अर्थ होता, मोबाइल नंबर दहा आकडी टाका. तेवढंच लिहा ना! "प्रमाणीकरण अयशस्वी" ऐवजी "बोट नीट लागलं नाही, पुसून परत ठेवा" लिहा. तुमच्या आईला फोनवर कसं सांगाल, तसं. आणि जत तालुक्यात पूर्वेकडं गेलात तर घराघरांत कन्नड बोलतात. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं संमती घेताना सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यायला सांगितलं आहे. मराठी त्यात आहे, कन्नडही आहे. हा नियम नुसता पाळायचा म्हणून पाळू नका. जतच्या एखाद्या बाईनं तो मजकूर वाचून "हे मला नको" म्हणावं, इतका तो सोपा करा.

फोटो ५० केबीच्या आत, सही २० केबीच्या आत. हे आमच्या माणसानं कसं करायचं? इतकं सगळं येतं तुम्हाला, फोटो लहान करायचं काम साइटनंच केलं तर? आणि अर्धा भरलेला फॉर्म जपून ठेवा. आमच्याकडं लाइट जाते. पाच पानं भरल्यावर लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. ज्या साइटवर भरलेलं जपलं जातं ती बनवणाऱ्याला मी मनातून आशीर्वाद देते.

बाजाराचं आता. गावात रोज दोन-तीन टेम्पो पार्सल घेऊन येतात. चप्पल, साडी, मोटारीचा स्टार्टर, द्राक्षबागेची कात्री, सगळं येतं. ठीक आहे. सांगलीला जायचा हेलपाटा वाचतो, आणि तालुक्याच्या गावी जे मिळत नाही ते मिळतं. पण फोनच्या पडद्यावर जी हातचलाखी चालते ती तुमच्यापैकीच कुणाच्यातरी हातची असते. वस्तू निवडली की आधीच टिक केलेली विम्याची चौकट. "आता फक्त २ शिल्लक" अशी लाल अक्षरं, जी दुसऱ्या दिवशीही तशीच असतात. फुकट महिना म्हणून घेतलेलं आणि नंतर दरमहा पैसे कापणारं काहीतरी. एका दहावीच्या पोराच्या वडिलांच्या खात्यातून सात महिने असे पैसे जात होते. बंद करायला आम्ही दोघं अर्धा तास बसलो. "सुरू ठेवा" हे बटण हिरवं आणि मोठं, "रद्द करा" हे पांढऱ्यावर फिकट करड्या अक्षरांत, तळाशी. पोरगं म्हणालं, "ताई, हे लपवलंय मुद्दाम." मुद्दामच लपवलं होतं.

अशा फसव्या रचनांचे १३ प्रकार केंद्र सरकारनं ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत नावानिशी सांगितले आहेत. खोटी घाई लावणं, गुपचूप वस्तू घालणं, वर्गणीच्या सापळ्यात अडकवणं, हे सगळं त्यात आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत तक्रार आल्यावर ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण करायचं बंधन आहे. मी माझ्या केंद्राच्या भिंतीवर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ आणि सायबर फसवणुकीचा १९३० हे दोन नंबर मोठ्या अक्षरांत लावलेत. पण भिंतीवरचा नंबर फसल्यावर उपयोगी पडतो. ते करडं बटण बनवतानाच कुणी हात आखडला असता, तर त्या वडिलांचे सात महिन्यांचे पैसे गेले नसते. तुमचे साहेब असं बटण बनवायला सांगतील तेव्हा त्यांना केंद्राच्या त्या सूचना उघडून दाखवा. एकदा तरी दाखवा.

पडद्याची रचना बदलली की गावातलं नुकसान कसं थांबतं याचा एक दाखला देते. जुनी गाडी विकायला काढली की समोरचा म्हणायचा, "पैसे पाठवतो, तेवढं मान्य करा." फोनवर विनंती यायची, आपला माणूस पिन टाकायचा, आणि पैसे येण्याऐवजी जायचे. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे मी वर्षानुवर्षं घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं. १ ऑक्टोबर २०२५ पासून एका माणसाकडून दुसऱ्याकडं जाणारी ही पैसे मागायची विनंतीच यूपीआयमधून बंद केली. जे माझ्या सांगण्यानं झालं नाही ते बटण काढल्यानं झालं.

कृष्णेकाठी राहतो म्हणून पुराचं लिहिल्याशिवाय पत्र पुरं होणार नाही. पावसाळ्यात आमचं सगळं लक्ष सांगलीच्या आयर्विन पुलावरच्या कृष्णेच्या पातळीकडं. ४० फूट इशारा, ४५ धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५७ फुटांवर गेली होती. आता कोयनेतून किती विसर्ग सोडला, पाणी किती वाढलं, हे तासातासाला फोनवर कळतं. चांगलं आहे. पण त्याच फोनवर गेल्या वर्षीचा व्हिडिओ आजचा म्हणून फिरतो आणि लोक रात्री जनावरं सोडायला लागतात. खरी पातळी कुठं बघायची तर एखादी जड पीडीएफ, जी एका काडीच्या रेंजवर उघडत नाही. पूर आला की पहिली लाइट जाते, मग टॉवर. उरलेल्या एक-दोन काड्यांत जे येतं ते साध्या मेसेजमध्ये यायला हवं : तारीख, वेळ, किती फूट, चढतंय की उतरतंय. एवढ्या चार गोष्टी. रंगीत नकाशा नंतर बघू.

२०२१ च्या जुलैत पाणी केंद्राच्या पायरीला लागलं तेव्हा आम्ही सामान ट्रॅक्टरमध्ये भरलं. कॉम्प्युटर आणि प्रिंटर भावानं उचलला. मी आधी ती निळी वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून, गाठ मारून, पोटाशी धरली. ट्रॅक्टरवर माझ्या शेजारी बसलेल्या काकूंनी विचारलं, "एवढं काय गं त्यात? सोनं हाय का?" मी म्हटलं, "काकू, तुम्हीच हाय."

सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल तुम्ही जरूर वाचा. ॲसिड हल्ल्यात चेहरा भाजलेल्या बायकांना बँकेची केवायसी करता येईना, कारण फोन म्हणायचा डोळे मिचकवा, आणि त्यांना ते शक्य नव्हतं. प्रज्ञा प्रसून आणि इतर कोर्टात गेल्या. ३० एप्रिल २०२५ ला न्यायालयानं सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि ही केवायसी अपंग व्यक्तींना करता येईल अशी करा. योगायोग असा की युरोपातल्या सर्न या संशोधन संस्थेनं वेब, म्हणजे ज्यावर या सगळ्या साइट चालतात ते तंत्र, सगळ्या जगाला फुकट खुलं केलं तो दिवसही ३० एप्रिलच, १९९३ चा. कुणाला पैसे मोजायचे नाहीत, कुणाची परवानगी घ्यायची नाही, असं ते दार उघडलं होतं. त्या दारातून डोळे मिचकवता येत नाहीत म्हणून, बोटाच्या रेषा पुसल्यात म्हणून, फोन लॉकरमध्ये आहे म्हणून माणूस परत पाठवला जात असेल, तर त्या दाराची चौकट आपण बदलायला पाहिजे.

आपल्या जिल्ह्यात ही समज नाही असंही नाही. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावात १५ ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरांतले टीव्ही आणि मोबाइल बंद होतात. पोरं अभ्यासाला बसतात. गावानं ठरवलं, फोन कधी आपला आणि कधी नाही. माझं मागणं त्याहून लहान आहे. तुम्ही साइट बनवताना एवढंच आधी ठरवा की फोन घरात नसेल तेव्हा हा माणूस काय करील. त्याला उत्तर सापडेपर्यंत ती साइट पुरी झाली असं समजू नका.

दिवाळीला तुम्ही गावी याल. पाहुणे, फराळ, जुन्या मित्रांच्या भेटी, हे सगळं करा. पण एक सकाळ माझ्या केंद्रावर द्या. लॅपटॉप आणू नका. बाकड्यावर बसा, नाहीतर माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसा आणि तुम्ही बनवलेल्या साइटवर एक फॉर्म तुमच्या हातानं कुणाचातरी भरा. त्या माणसाला काय विचारावं लागतं, तो काय उत्तर देतो, फोन कुणाचा निघतो, ते बघा. वही मी तुम्हाला उघडून दाखवणार नाही, ती लोकांची आहे. पण तिची जाडी दाखवीन.

सोमवारी आणि गुरुवारी गर्दी जास्त असते. त्या दिवशी या. सकाळी दहाच्या एसटीच्या आधी आलात तर खुर्ची मिळेल.

आपली,
सेवा केंद्र चालवणारी ताई
ता. पलूस, जि. सांगली